रेणूची ओळख करून देणारा कायदेपंडित : ॲमेडिओ ॲव्होगॅड्रो



आपल्या घरातील नववी-दहावीच्या मुलामुलींना पाण्याचे रासायनिक सूत्र विचारले, तर एच टू ओ असे उत्तर क्षणात मिळेल. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, हे ज्ञान आज सर्वांचे झाले आहे. परंतु जे डोळ्यांना दिसत नाहीत, चिमटीत धरता येत नाहीत, ते अणू दोनच आहेत, तीन नाहीत, हे कोणी आणि कशावरून ठरविले, असा प्रश्न विचारला तर बहुतेक घरांत शांतता पसरेल. पाठ्यपुस्तकात हे सूत्र एका ओळीत येते. ते सर्वमान्य होण्यासाठी विज्ञानाला सुमारे पन्नास वर्षे वाट पाहावी लागली, आणि ज्यांनी त्याची किल्ली शोधून दिली ते तोवर या जगातून निघून गेले होते.

त्या सद्गृहस्थांचे नाव ॲमेडिओ ॲव्होगॅड्रो. ते इटलीतील एका कॅथोलिक घराण्यात जन्मले. त्यांची पदवी रसायनशास्त्राची नव्हती. ते ख्रिस्तसभेच्या कायद्याचे डॉक्टर होते. त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय आम्ही या लेखातून करून देत आहोत. दूरच्या इटलीतील ही कथा सांगताना आम्ही आपल्या खानदेशातील सोनगीरचा आधार घेणार आहोत. धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा महामार्गावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले आहे. तांबटाच्या भट्टीत आणि कल्हईवाल्याच्या शेगडीवर जे घडते, त्याच घडामोडींचा अर्थ लावण्यात ॲव्होगॅड्रो यांच्या काळातील विद्वान गुंतले होते.

जन्म, घराणे आणि शिक्षण

९ ऑगस्ट १७७६ रोजी उत्तर इटलीतील ट्युरिन शहरी ॲव्होगॅड्रो यांचा जन्म झाला. त्या वेळी इटली हे एकसंध राष्ट्र नव्हते. ट्युरिन ही सार्डिनिया-पिडमॉन्टच्या राज्याची राजधानी होती. ज्या शहरात पुढे संत जॉन बॉस्को यांनी अनाथ व गरीब मुलांसाठी आपले कार्य उभारले, तेच हे शहर. ॲव्होगॅड्रो यांच्या उतारवयात डॉन बॉस्को यांचे कार्य याच शहरात आकार घेत होते.

ॲव्होगॅड्रो यांचे वडील फिलिप्पो हे सरदार घराण्यातील असून न्यायखात्यात उच्च पदावर होते. घराण्यात कायद्याची परंपरा फार जुनी होती. पूर्वजांनी व्हर्चेली येथील ख्रिस्तसभेची न्यायालयीन बाजू सांभाळली होती आणि आडनावाचे मूळही वकील या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. थोरल्या पिढीने आखलेल्या वाटेने हा मुलगाही निघाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, १७९२ मध्ये, त्याने कायद्याची पहिली पदवी मिळविली आणि १७९६ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, ख्रिस्तसभेच्या कायदेशास्त्रातील डॉक्टरेट संपादन केली.

तो काळ धामधुमीचा होता. फ्रान्समधील क्रांतीचे लोण आल्प्स पर्वत ओलांडून आले होते आणि पिडमॉन्ट फ्रेंचांच्या ताब्यात गेले होते. १८०१ मध्ये ॲव्होगॅड्रो यांची सरकारी सचिव म्हणून नेमणूक झाली. दिवसा दप्तराचे काम चाले. मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. साधारण १८०० पासून त्यांनी या विषयांचा स्वतःच्या हिमतीवर अभ्यास आरंभिला. १८०३ मध्ये फेलिचे या आपल्या बंधूंसह त्यांनी विद्युतशास्त्रावर पहिला निबंध सादर केला. पुढच्याच वर्षी ट्युरिनच्या विज्ञान अकादमीने त्यांना आपले पत्रव्यवहारी सदस्य करून घेतले. १८०६ मध्ये त्यांनी वकिली व्यवसाय मागे ठेवून अध्यापन स्वीकारले आणि १८०९ मध्ये व्हर्चेली येथील महाविद्यालयात ते निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ज्या गावात पूर्वजांनी ख्रिस्तसभेची वकिली केली, त्याच गावात या वंशजाच्या हातून विज्ञानातील एक थोर विचार लिहिला जावयाचा होता.

त्या काळातील कोडे

तो विचार समजून घेण्यासाठी प्रथम सोनगीरच्या तांबटाकडे जाऊ या. पितळ करताना तांब्यात जस्त मिसळतात. जस्त थोडे अधिक घातले तर पितळेचा रंग बदलतो, थोडे कमी घातले तर लालसर छटा राहते. तांब्याचा गुण आणि जस्ताचा गुण दोन्ही त्यात कमी-अधिक टिकून असतात. प्रमाण कारागिराच्या हाती असते. याला मिश्रण म्हणतात.

आता तेच तांबे भट्टीत तापवून पाहा. ठोकून ठोकून कडक झालेला पत्रा मऊ करण्यासाठी तांबट तो लालबुंद करतो, तेव्हा त्यावर काळी खपली धरते. तांबे आणि हवेतील ऑक्सिजन यांचा तो संयोग आहे. या काळ्या पदार्थात तांब्याचा तजेला उरत नाही आणि ऑक्सिजनचा वायुरूप गुणही उरत नाही. तेथे तिसराच पदार्थ तयार झालेला असतो. आणि येथे प्रमाण कोणाच्याही हाती नसते. वजनाने सुमारे ४ भाग तांबे १ भाग ऑक्सिजन घेते. भट्टी कितीही पेटवा, शुद्ध काळ्या भस्मात हे प्रमाण बदलत नाही. याला संयुग म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोझेफ प्रूस्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा नियम मांडला, तो तांब्याच्याच संयुगांचा अभ्यास करून. खाणीत सापडणारे तांब्याचे हिरवे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनविलेले कार्बोनेट यांतील घटकांचे प्रमाण एकच असल्याचे त्यांनी दाखविले.

तांब्याचे आणखी एक भस्म आहे, ते लाल असते. काळ्या खपलीखाली पुष्कळदा या लाल भस्माचा थर असतो. त्यात सुमारे ८ भाग तांब्याला १ भाग ऑक्सिजन असतो. एकात चारास एक, दुसऱ्यात आठास एक. बरोबर दुप्पट. मधले साडेपाच किंवा सव्वासात असे प्रमाण असलेले तिसरे भस्म का बरे नसावे? इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांनी अशा अनेक उदाहरणांचे मर्म ओळखले. पदार्थ अविभाज्य कणांचे, म्हणजे अणूंचे, बनलेले असतील आणि अणू अखंड संख्येनेच एकत्र येत असतील, तर प्रमाणे अशीच पायरीपायरीने बदलणार. १८०८ मध्ये डाल्टन यांनी आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

मात्र एक मोठी अडचण शिल्लक राहिली. वजनाचा काटा वजन सांगतो, संख्या सांगत नाही. पाण्यात वजनाने १ भाग हायड्रोजन आणि ८ भाग ऑक्सिजन असतो. यावरून हायड्रोजनचे अणू किती आणि ऑक्सिजनचे किती, हे कसे कळावे? दोघांचा एकेक अणू असेल तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो. हायड्रोजनचे दोन असतील तर तो सोळापट जड ठरतो. डाल्टन यांनी सर्वांत साधी रचना गृहीत धरली, म्हणजे एकास एक. तिला पुरावा नव्हता. आणि पाण्याचे सूत्र चुकले की ऑक्सिजनचे वजन चुकते, ऑक्सिजनचे चुकले की तांब्याचे चुकते. सगळा हिशेबच पहिल्या आकड्यापासून बिघडतो.

वायूंची मापे आणि नवसागराचा धूर

१८०८ च्या अखेरीस पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञांनी एक नवीन गोष्ट जाहीर केली. त्यांनी वायूंचे वजन बाजूला ठेवून त्यांनी व्यापलेली जागा, म्हणजे आकारमान, मोजले. तेव्हा असे आढळले की वायू एकमेकांशी अगदी सोप्या पूर्णांकी मापांनी संयोग पावतात. दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांची दोन मापे वाफ होते. तीन मापे हायड्रोजन आणि एक माप नायट्रोजन यांचा दोन मापे अमोनिया होतो. एक माप अमोनिया आणि एक माप हायड्रोजन क्लोराइड एकत्र येताच दोन्ही वायू पूर्णपणे संपून पांढरी भुकटी उरते.

ही पांढरी भुकटी म्हणजे आपल्या ओळखीचा नवसागर. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आपल्याकडे आतून कथिलाची कल्हई करण्याची रीत आहे. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकतो आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतो, हे दृश्य आमच्या पिढीतील वाचकांनी पाहिलेले असेल. त्या उष्णतेने नवसागर फुटतो, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरील काळे भस्म खाऊन धातू स्वच्छ करतो, म्हणून कथील धरते. उरलेले वायू वर थंड हवेत जाऊन पुन्हा एकमेकांना मिळतात, आणि तोच तो पांढरा धूर. गे-ल्युसॅक यांनी पॅरिसमध्ये मापून पाहिलेला संयोग कल्हईवाल्याच्या शेगडीवर होत असतो. या नवसागराची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे त्याचे काम पडणार आहे.

गे-ल्युसॅक यांचे निष्कर्ष डाल्टन यांना पटले नाहीत, आणि त्यांच्या शंकेस आधार होता. एक माप ऑक्सिजनपासून दोन मापे वाफ होते. वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन हवाच. मग ऑक्सिजनच्या एका कणाचे दोन वाटे झाले काय? अणू तर अविभाज्य. दोन थोर विद्वानांची दोन्ही विधाने अनुभवाला धरून होती, आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती.

१८११ चा निबंध

व्हर्चेलीच्या पस्तीस वर्षांच्या प्राध्यापकांनी या वादाचा निवाडा केला. १८११ मध्ये पॅरिसच्या एका भौतिकशास्त्रीय नियतकालिकात ॲव्होगॅड्रो यांचा फ्रेंच भाषेतील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वतः नवा प्रयोग केला नाही. न्यायाधीश ज्याप्रमाणे दोन्ही पक्षांच्या साक्षी खऱ्या मानून त्यांचा मेळ बसेल अशी वस्तुस्थिती शोधतो, त्याप्रमाणे त्यांनी विचार केला.

त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की, समान तापमान आणि समान दाब असताना, कोणत्याही वायूंच्या समान आकारमानात कणांची संख्या समान असते. वायू हलका असो की जड, एक लिटर हायड्रोजनमध्ये जितके कण तितकेच एक लिटर ऑक्सिजनमध्ये आणि तितकेच एक लिटर वाफेत. याचा अर्थ, वायू मोजणे म्हणजेच कण मोजणे. मापांचे प्रमाण हेच संख्यांचे प्रमाण.

दुसरी गोष्ट अशी की, मूलद्रव्यांच्या वायूंचे हे कण एकटे अणू असलेच पाहिजेत असे नाही. ते एकाच जातीच्या दोन अणूंची जोडी असू शकतात. अणू अविभाज्य राहील, जोडी मात्र सुटू शकेल. ऑक्सिजनच्या एका जोडीतून एकेक अणू सुटला, प्रत्येकाला हायड्रोजनची एकेक जोडी मिळाली आणि पाण्याचे दोन कण झाले. एक माप ऑक्सिजन, दोन मापे हायड्रोजन, दोन मापे वाफ. गे-ल्युसॅक यांचे माप खरे ठरले आणि डाल्टन यांचा अणूही अखंड राहिला. पाण्यात हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू आहे हे त्यातून आपोआप निघाले. वायूंच्या घनतेवरून ऑक्सिजनचा कण हायड्रोजनच्या कणाच्या सुमारे पंधरापट जड असल्याचे ॲव्होगॅड्रो यांनी काढले. आजचा आकडा सोळा आहे. त्या काळच्या मोजमापांचा विचार करता हे उत्तर फारच जवळचे होते.

अणू आणि अणूंचा समूह असलेला रेणू यांत भेद करणे, हे या निबंधाचे मर्म आहे. हा भेद साधा वाटतो. पण त्या काळी या दोहोंसाठी निश्चित शब्दही नव्हते. प्रत्येक लेखक आपापल्या अर्थाने शब्द वापरी आणि वाचक गोंधळून जाई. खानदेशातील विद्यार्थ्यांना याची कल्पना सहज येईल. आपल्या मराठी पुस्तकात अणू म्हणजे सर्वांत लहान कण आणि रेणू म्हणजे अणूंचा समूह. सोनगीरवरून जाणाऱ्या त्याच आग्रा रस्त्याने मध्य प्रदेशात गेलो की हिंदी पुस्तकात परमाणू हा लहान कण आणि अणू हा समूह होतो. शब्द एकच, अर्थ वेगळा. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्या मुलाला हा फरक कोणी समजावून दिला नाही, तर त्याचे गणित चुकेल आणि आपण कोठे चुकलो हेही त्याला कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील विद्वानांची स्थिती काहीशी अशीच झाली होती.

उपेक्षेची वर्षे

या निबंधाचे स्वागत झाले नाही. बहुतेकांनी त्याची दखलच घेतली नाही. १८१४ मध्ये फ्रान्सचे अँपिअर यांनी साधारण तोच विचार स्वतंत्रपणे मांडला, तरीही परिस्थिती बदलली नाही. याची कारणे होती. स्वीडनचे बर्झेलियस हे त्या काळातील रसायनशास्त्राचे मोठे अधिकारी. अणू विरुद्ध विद्युतभारांमुळे एकमेकांकडे ओढले जातात, असे त्यांचे मत असल्यामुळे एकाच जातीचे दोन अणू जोडी करतील हे त्यांच्या सिद्धांतात बसत नव्हते. शिवाय ॲव्होगॅड्रो यांच्या हाती गाजलेला प्रयोग नव्हता, आणि पॅरिस, लंडन, स्टॉकहोम येथील विद्वानांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस नव्हती.

प्रयोगांनीही काही काळ त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. गंधक, फॉस्फरस, पारा यांच्या वाफांची घनता मोजली असता रसायनशास्त्रज्ञांच्या अपेक्षेशी आकडे जुळेनात. आणि येथे आपला नवसागर पुढे येतो. नवसागराच्या वाफेचे वजन ॲव्होगॅड्रो यांच्या नियमाने जितके भरावयास हवे, त्याच्या साधारण निम्मेच भरत होते. नियम खोटा ठरविण्यास विरोधकांना हे उदाहरण पुरेसे वाटले.

स्वतः ॲव्होगॅड्रो यांच्या आयुष्यातही चढउतार आले. १८२० मध्ये ट्युरिनच्या विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्राचे अध्यासन निर्माण होऊन त्यावर त्यांची नेमणूक झाली. पण दुसऱ्याच वर्षी पिडमॉन्टमध्ये राजकीय उठाव झाला, विद्यापीठ बंद पडले आणि १८२२ मध्ये ते अध्यासनच रद्द करण्यात आले. संशोधनाला अधिक सवड मिळावी म्हणून विश्रांती देत आहोत, असे त्याचे सौम्य शब्दांतील कारण देण्यात आले. ॲव्होगॅड्रो पुन्हा कायद्याच्या आणि सरकारी हिशेबांच्या कामाकडे वळले. १८३२ मध्ये अध्यासन पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते प्रसिद्ध फ्रेंच गणिती आणि निष्ठावान कॅथोलिक ऑगस्टिन कोशी यांना मिळाले. कोशी लवकरच प्रागला निघून गेले आणि १८३४ मध्ये ॲव्होगॅड्रो आपल्या जागी परत आले. त्यानंतर १८५० मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले.

या सर्व काळात त्यांनी कोणाशी भांडण मांडले नाही की अभ्यास सोडला नाही. पत्नी फेलिचिता आणि सहा अपत्ये यांच्यासह त्यांचे घरगुती जीवन साधे आणि शांत होते. १८३७ ते १८४१ या काळात पदार्थांच्या भौतिकशास्त्रावरील त्यांचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पिडमॉन्टमध्ये दशमान मापनपद्धती आणण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. ९ जुलै १८५६ रोजी, ऐंशी वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर उरला असताना, ट्युरिन येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी जगातील बहुतेक रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी त्यांचा १८११ चा निबंध हा विसरलेला कागद होता.

मृत्यूनंतरचा न्याय

दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, सिसिलीत जन्मलेले आणि जेनोवा येथे शिकविणारे रसायनशास्त्रज्ञ स्तानिस्लाओ कानिझ्झारो यांनी आपल्या अध्यापनक्रमाची रूपरेषा प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र सुसंगतपणे शिकवावयाचे असेल, तर आपल्याच देशबांधवाचा जुना नियम स्वीकारल्याखेरीज गत्यंतर नाही, असे त्यांना शिकविताना आढळून आले होते. तो नियम धरून त्यांनी अणूंची वजने पुन्हा काढली, आणि जे आकडे आजवर एकमेकांशी भांडत होते ते जुळू लागले.

गोंधळ त्या वेळी इतका वाढला होता की एकाच पदार्थासाठी अनेक सूत्रे प्रचारात होती. त्यावर विचार करण्यासाठी ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. रसायनशास्त्रज्ञांची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. कानिझ्झारो यांनी तेथे ॲव्होगॅड्रो यांची बाजू मांडली. परिषदेत अंतिम निर्णय झाला नाही, परंतु निरोपाच्या वेळी कानिझ्झारो यांची छोटी पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. जर्मन शास्त्रज्ञ लोथार मायर यांनी ती वाचली, आणि पुढे त्या वाचनाचा अनुभव सांगताना त्यांनी डोळ्यांवरची खवले गळून पडण्याची उपमा वापरली. दिमिष्क नगरात संत पौलाला दृष्टी परत मिळाली त्या प्रसंगाची ही आठवण, हे आमच्या वाचकांच्या ध्यानी येईलच. परिषदेस रशियाचे तरुण मेंडेलीव्हही उपस्थित होते. दुरुस्त झालेल्या अणुभारांच्या पायावरच त्यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी रचली.

नवसागराचे काय झाले? त्याची वाफ हलकी भरते, कारण ती नवसागराची वाफ नसतेच. तापल्यावर त्याचा प्रत्येक घटक दोन वायूंत फुटतो. कणांची संख्या दुप्पट झाल्याने जागाही दुप्पट व्यापली जाते आणि तेवढ्याच मापाचे वजन निम्मे भरते. १८६२ मध्ये लेओपोल्ड फॉन पेबाल यांनी हलका अमोनिया आणि जड हायड्रोजन क्लोराइड सच्छिद्र थरातून वेगवेगळ्या गतीने जाऊ देऊन हे दोन वायू वेगळे करून दाखविले. ज्या साक्षीदारावर विरोधकांची भिस्त होती, तोच ॲव्होगॅड्रो यांच्या बाजूने उभा राहिला. फुटून पुन्हा जुळणारा तो वायू कल्हईच्या शेगडीवर पांढऱ्या धुराच्या रूपाने लोकांना दिसतच होता.

त्यांच्या नावाची संख्या

विद्यार्थ्यांना ॲव्होगॅड्रो हे नाव ठाऊक असते ते एका प्रचंड संख्येमुळे. गंमत अशी की ही संख्या त्यांनी कधी काढली नाही आणि त्यांना ती ठाऊकही नव्हती. समान मापात कण समान, एवढे त्यांनी सांगितले. ते किती, याचा अंदाज प्रथम १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांच्या कामातून येऊ लागला. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेरँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक स्वतंत्र मार्गांनी ती संख्या काढली आणि १९०९ मध्ये तिला ॲव्होगॅड्रो यांचे नाव द्यावे असे सुचविले. पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सोनगीरच्या तांब्याच्या भाषेत सांगावयाचे तर, ६३.५ ग्रॅम तांबे काट्यावर ठेवले की त्यात ६०२२ या आकड्यापुढे २० शून्ये लिहिल्यावर होईल इतके अणू असतात. तितकेच अणू असलेले जस्त हवे असेल तर ते सुमारे ६५.४ ग्रॅम घ्यावे लागेल. वजनाच्या काट्याने संख्या सांगता येत नाही, ही डाल्टन यांची अडचण होती. ॲव्होगॅड्रो यांच्या नियमामुळे काटाच मोजणी करू लागला. या संख्येइतक्या कणांच्या राशीला मोल म्हणतात. २० मे २०१९ पासून तर आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मोलची व्याख्याच या संख्येवरून केली जाते आणि तिचे मूल्य कायमचे निश्चित करण्यात आले आहे.

१८११ च्या निबंधाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९११ मध्ये, ट्युरिन शहराने आपल्या या सुपुत्राचा गौरव केला. १९५६ मध्ये, त्यांच्या मृत्युशताब्दीच्या वर्षी, इटलीने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चंद्रावरील एका विवरालाही त्यांचे नाव आहे. हयातीत मात्र त्यांना यांपैकी काहीच पाहता आले नाही.

आपल्यासाठी

वाचकहो, या जीवनकथेतून आपण काय घ्यावे? विज्ञान आणि श्रद्धा यांचे कायमचे वैर आहे असे मानणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यात पारंगत झालेल्या एका प्रापंचिक कॅथोलिक गृहस्थाने पदार्थाच्या रचनेचे एवढे मोठे रहस्य उलगडावे, याची त्यांनी नोंद घ्यावी. कायद्याच्या अभ्यासाने साक्षी तोलण्याची जी सवय त्यांना लागली होती, ती त्यांनी निसर्गाच्या साक्षींना लावली, असे आम्हांस वाटते.

पालकांना आमची एक विनंती आहे. आपली मुले सूत्रे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. रसायनशास्त्राची भीती मनात घर करते आणि पुष्कळ हुशार मुले दहावीनंतर त्या वाटेला जात नाहीत. घरात तांब्याचा तांब्या असेल, तर तो मुलांच्या हाती द्यावा. चिंचेने घासल्यावर काळेपणा का जातो, पितळेत जस्त कमी-जास्त का चालते आणि काळ्या भस्मात ऑक्सिजन कमी-जास्त का होत नाही, हे त्यांना विचारावे. सोनगीरला जाण्याचा योग आला तर तांबटांचे काम त्यांना दाखवावे. पिढ्यान्‌पिढ्या मठारकाम करणाऱ्या त्या हातांना पुस्तकी नावे ठाऊक नसतील, पण तांबे केव्हा मऊ होते आणि खपली केव्हा धरते याचे ज्ञान त्यांना आहे. पुस्तकातील अणू आणि भट्टीतील तांबे एकच आहे हे मुलांना ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी त्यांचे भय बरेच ओसरेल.

आणि जे आपले काम प्रामाणिकपणे करूनही दुर्लक्षित राहिले, त्यांनी ट्युरिनच्या या प्राध्यापकांचे स्मरण करावे. अध्यासन गेले तेव्हा ते हिशेबाच्या कामाला लागले, बारा वर्षांनी परत बोलावले तेव्हा पुन्हा शिकवू लागले. मधल्या काळात त्यांनी लिहिणे थांबविले नाही. त्यांच्या निबंधाचा निकाल त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी लागू लागला, आणि आज जगातील प्रत्येक शाळेत तो शिकविला जातो.